आमच्या गावच्या पाळणाघराला पैसे कुठून आले

आमच्या गावात अंगणवाडी आहे, सेविका मनापासून काम करतात. तरी भांगलणीला, म्हणजे रानातलं तण काढायला, जाणाऱ्या बाईची अडचण तिथं सुटत नाही. अंगणवाडीत बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, आणि तीही दुपारपर्यंतच. त्याखालच्या बाळासाठी आईला घरी न्यायचा आहार मिळतो, पण ते बाळ दिवसभर सांभाळायचं कुणी? घरात सासू असली तर तिनं. नसली तर थोरली बहीण शाळा बुडवते. तीही नसली तर बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी. उसाच्या रानात बाळ झोळीत टाकून काम करणं म्हणजे काय, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. पाला कापतो, साप-किरडू निघतं, विहीर जवळच असते. आईचं निम्मं ध्यान कायम झोळीकडं.

मी गावच्या महिला ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाची, सचिव आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्ता का थकला असं विचारलं की पाच-सहा जणींचं उत्तर एकच यायचं, बाळ लहान आहे, कामाला जाता येत नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारी आमच्यातली एक बाळंतपणानंतर परत गेलीच नाही. 2025 च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम 1948 प्रमाणे 30 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर लागायचं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर ती जबाबदारी टाकली. तिच्या वर्कशॉपात बायका मोजून दहा-बारा होत्या, एकूण माणसंही थोडी. आणि रोजानं रानात जाणारी बाई तर या दोन्ही कायद्यांच्या बाहेरच होती.

सुरुवात यादीपासून केली. अंगणवाडीच्या सर्वेक्षण नोंदवहीतून सहा महिने ते तीन वर्षांची मुलं काढली आणि प्रत्येकाच्या पुढं लिहिलं की आई कुठं कामाला जाते, किती वाजता निघते, मागं घरात कोण असतं. हा शेवटचा रकाना पुढं फार उपयोगी पडला. गावात म्हातारी माणसं भरपूर आहेत, पाळणाघर कशाला, असं म्हणणाऱ्यांना ती यादीच दाखवता आली. कितीतरी घरांत म्हातारी स्वतःच रोजगाराला जाते.

मग महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती होते, आमच्याकडंही तसंच चाललं होतं. या वेळी बायका बसल्या आणि बोलल्या. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना विचारलं, मागच्या वर्षी हे पैसे कशाला गेले? त्यांनी वही उघडून दाखवली. खुर्च्या, पाण्याची टाकी, शिलाई मशीन. वाईट काहीच नव्हतं, पण पाळणाघर मागितलंच नव्हतं कुणी. सरपंच वहिनी म्हणाल्या, "ठराव करूया की, हाय त्यात काय अवघड?" आणि ठराव झाला.

अंगणवाडीला लागून शाळेची एक खोली पडून होती. तिला फरशी, पंखा, जाळीचं दार, लहान मुलांचं शौचालय, चार पाळणे, भांडी असं सगळं त्या 10 टक्क्यांतून बसलं. गावच्या दूध संस्थेनं रोजचं दूध द्यायचं कबूल केलं. इथवर सोपं होतं. घोडं अडलं ते बाळांपाशी बसणाऱ्या बाईच्या पगारावर.

वस्तूचं बिल लागतं, लेखापरीक्षणात दिसतं, फोटो निघतो. सात-आठ तास बाळ सांभाळणाऱ्या बाईला दर महिन्याला पैसे द्यायचे म्हटलं की जो तो म्हणतो, हे खर्चाच्या कुठल्या शीर्षात बसवायचं? माझं ठाम मत झालंय की पाळणाघर म्हणजे ती बाईच. खोली ओसरीवरही चालेल. बाई दोन महिन्यांत सोडून गेली तर टाइल्स काय कामाच्या?

एकात्मिक बालविकासच्या पर्यवेक्षिका ताईंनी तेव्हा 'पाळणा' योजनेचं सांगितलं. पूर्वीची राष्ट्रीय पाळणाघर योजना 2022 पासून केंद्राच्या मिशन शक्तीत आली आणि तिला हे नाव मिळालं. यात अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर करता येतं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, वेगळी सेविका, वेगळी मदतनीस, आणि त्यांचं मानधन योजनेतून. खर्च केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के. म्हणजे आम्ही जिथं अडलो होतो, त्याचंच उत्तर.

प्रस्तावाला यादी, ठराव, जागेचा उतारा, पाणी आणि शौचालयाचे फोटो लागले. एका कार्यालयातून फाईल परत आली, कारण मुलांच्या वयाचे दाखले नव्हते. तेवढ्यासाठी बायकांचे रोज बुडाले याचं मला वाईट वाटलं. जन्मनोंद ग्रामपंचायतीतच असते, एकत्र उतारा मागवता आला असता. शेवटी भाऊसाहेबांनी तसाच दिला आणि तो चालला. आता प्रस्ताव जिल्हा परिषदेतून पुढं गेलाय.

मंजुरीची वाट बघत खोली बंद ठेवायची नाही असं ग्रामसंघानं ठरवलं. आया महिन्याला वर्गणी देतात, उरलेलं ग्रामसंघ घालतो, आणि गावातल्याच दोन मावशी सकाळी आठ ते पाच थांबतात. त्यांना मिळतं ते थोडं आहे. फार दिवस त्यांच्या चांगुलपणावर हे चालवणं बरोबर नाही, म्हणूनच मंजुरीचा पाठपुरावा मी सोडत नाही.

एक गोष्ट मात्र प्रस्तावातून सुटली होती. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांची बाळं आमच्या नोंदवहीत नसतात, कारण नोंदवही इथल्या रहिवाशांची. त्या आया तर पहाटे अंधारातच फडावर जातात. पहिल्या हंगामात आम्ही त्यांची मुलं घ्यायला लागलो तेव्हा काहीजणींनी कुरकुर केली, दूध पुरंल का? पुरलं. आता कारखाना सुरू झाला की टोळीच्या मुकादमाकडून मुलांची वेगळी यादी घेतो आणि त्या महिन्यांत एक मावशी सहालाच येते.

दुसऱ्या गावच्या ताया विचारतात, कधीपासून हालचाल करायची? 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम सुरू होतं. यादी त्याआधी तयार ठेवा, महिला सभेत ठराव घ्या आणि तो मोठ्या सभेत वाचून दाखवायला सांगा. इतिवृत्तात शब्दश: आलाय ना, हे सही करायच्या आधी बघा. आणि ठरावात खोलीच्या आधी सांभाळणाऱ्या बाईचं मानधन लिहा.