दशांश चिन्हानंतरचे शून्य

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, स्नेहसंमेलन आणि सहली यांविषयी लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपुरतेच लिहितो. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला आमच्या हाती व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जबड्यांत वस्तू धरून एका स्थिर मुख्य पट्टीवर आणि एका सरकपट्टीवर तिचे माप वाचण्याचे उपकरण, आणि लंबकाचा पितळी गोळा दिला जाई. मुख्य पट्टीवरच्या 9 मिलिमीटर लांबीचे सरकपट्टीवर 10 सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे दोन्ही पट्ट्यांवरच्या एकेका भागात 0.1 मिलिमीटरचा फरक राहतो आणि तेच त्या उपकरणाचे लघुतम माप ठरते. मोजण्याआधी जबडे मिटून शून्यासमोर शून्य येते का, हे पाहण्याची सरांची सक्त ताकीद असे. सरकपट्टीचे शून्य उजवीकडे सरकलेले आढळले, तर तेवढी शून्य त्रुटी प्रत्येक रीडिंगमधून वजा करावी लागे.

गोळ्याचा व्यास 2.3 सेंटिमीटर असा लिहिलेले जर्नल सर परत करीत. लघुतम माप 0.01 सेंटिमीटर असताना रीडिंग 2.30 असेच लिहिले पाहिजे, कारण त्या शेवटच्या शून्यामागे सरकपट्टीची शून्याची रेघच मुख्य पट्टीवरच्या रेघेशी जुळल्याचा पुरावा असतो, हा त्यांचा आग्रह तेव्हा आम्हाला निव्वळ छळ वाटे. एकक विसरणाऱ्याला तर भर वर्गात विचारले जाई, ‘‘2.30 काय? कांदे की बटाटे?’’ घरी सोन्याचा हिशेब तोळ्यात चाले, आणि जुना तोळा 11.66 ग्रॅमचा असताना सराफी व्यवहारात आता 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात, हे सांगून सर त्या प्रश्नाला आमच्या घरापर्यंत आणून सोडीत.

खरी गंमत आकारमान काढताना होई. कॅल्क्युलेटरवर उत्तर येई 6.3706263 घन सेंटिमीटर, आणि आम्ही ते सगळे आकडे भक्तिभावाने उतरवून घेत असू. सर लाल शाईने 6.37 च्या पुढचे सगळे छाटून टाकीत. व्यासात नुसता 0.01 सेंटिमीटरचा फरक पडला, तरी आकारमान सुमारे 0.08 घन सेंटिमीटरने बदलते. म्हणजे त्या 6.37 मधल्या 7 वरही फारसा भरवसा ठेवता येत नाही, मग पुढच्या पाच अंकांची काय कथा! सार्थ (भरवशाच्या) अंकांचे नियम पाठ करून घेण्यापेक्षा हा एक हिशेब मांडून दाखवणे मला आजही अधिक परिणामकारक वाटते.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी वाहनांचे सुटे भाग तपासण्याच्या कामात आलो. येथे ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) दिलेला असतो आणि मापे 20 अंश सेल्सिअस तापमानाला धरलेली असतात. 100 मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा 10 अंशांनी तापला, की साधारण 11 ते 12 मायक्रॉन वाढतो. म्हणून मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब लगेच मोजून ‘ओके’चा शिक्का मारता येत नाही. नव्याने आलेल्या मुलांच्या हातात डिजिटल कॅलिपर असतो. त्याच्या पडद्यावर मिलिमीटरचा दुसरा दशांश लखलखीत दिसतो आणि मुले तो निःशंकपणे लिहून मोकळी होतात. वस्तुतः अशा कॅलिपरची अचूकता बहुधा ±0.02 मिलिमीटर एवढीच असते. पडदा किती अंक दाखवतो आणि त्यांतल्या किती अंकांची हमी देता येते, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी प्रयोगशाळेला नवी उपकरणे देणार आहेत. डिजिटल कॅलिपर अवश्य द्यावेत. मात्र जुने व्हर्निअर भंगारात काढू नयेत आणि पहिल्या सत्रात मुलांच्या हाती तेच द्यावेत, अशी माझी सूचना आहे. रेघ कुठे जुळते हे डोळ्यांनी ठरवताना शेजारचीही रेघ जवळपास जुळल्यासारखी दिसते, आणि दोन मुलांची रीडिंग्ज वेगळी येऊन त्यांच्यात वाद झाला, तर तो शिक्षकांनी लगेच मिटवू नये.