स्नायू झडतात, पण कशामुळे?

हातपाय बारीक झाले की लगेच प्रोटीन पावडर आणू नका. आधी झीज कुठे आणि किती वेगाने झाली ते पाहा.

प्लास्टर निघाल्यावर एकच मांडी बारीक दिसते, ती वापर थांबल्यामुळे. ही झीज बहुतेक वेळा भरून येते. वयानुसार होणारी झीज दोन्ही बाजूंना, हळूहळू होते. हात छातीशी घेऊन खुर्चीतून ५ वेळा उठा-बसा; १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद घटली आहे असं समजा. यावर खरा उपाय वजनाचा व्यायाम: आठवड्यातून २-३ दिवस, प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, शेवटच्या दोन वेळा जड जातील इतकं वजन. नुसतं चालणं पुरत नाही. सोबत दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट झाला, कातडीखाली स्नायू फडफडताना दिसले, तर दुखणं नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, असू शकतं. इथे उशीर महागात पडतो, कारण नस तुटलेला स्नायू साधारण दीड वर्षानंतर पुन्हा नीट जागा होत नाही. म्हणून नसांची तपासणी लवकर करून घ्या.

जिना चढताना मांड्या भरून येतात आणि स्टिरॉइडची गोळी बरेच दिवस चालू आहे? मग झीज तिच्यामुळेही असू शकते. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतील. थायरॉइड, मधुमेह, कर्करोग यांतही स्नायू झडतात. तिथे आधी मूळ आजारावर उपचार हवेत.