पह्यले पाय पहा: ठाण्याहून मथुरेच्या हत्तींकडे

मथुरेची तिकिटं काढली म्हटल्यावर सोसायटीत प्रत्येकाने वृंदावनाबद्दलच विचारलं. हत्तींचा दवाखाना बघायला चाललोय असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग येताना पेढे तरी आण."

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, माझी बँकेतली मैत्रीण आणि आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे काका. काका वन खात्यातून निवृत्त होऊन मुलाकडे ठाण्याला आले, पण वर्तकनगरच्या फ्लॅटमध्ये बसूनही मनाने मेळघाटातच असतात. या सहलीचं खूळ त्यांचंच. मैत्रिणीचं माहेर जयसिंगपूर, म्हणजे नांदणी हाकेच्या अंतरावर. तेव्हा कल्याणला पंजाब मेलमध्ये बसल्या बसल्या कोणता विषय निघणार हे ठरलेलंच होतं.

नांदणीच्या जैन मठातली महादेवी, म्हणजेच माधुरी. १९९२ पासून मठात असलेल्या या हत्तिणीला २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राण्यांच्या केंद्रात नेलं आणि सगळा शिरोळ तालुका रस्त्यावर आला. नांदणी ते कोल्हापूर पायी निघालेल्या लोकांत मैत्रिणीचा भाऊही होता.

"तुम्ही ठाण्यात बसून पेपर वाचता," ती म्हणाली. "आमच्याकडं तिला केळी दिल्याशिवाय शुभकार्याला सुरुवात होत नव्हती."

काकांनी पोळीभाजीचा डबा उघडला. "माया होती का नव्हती, हे म्या इचारलंच नाही, बाई. तिच्या पायाचे फोटो पाह्यले का तुमी?"

"पाय कोण बघतंय काका? आम्ही तिच्या तोंडाकडं बघायचो."

"तेच तर म्हणतो ना मी."

कसारा घाट चढून इगतपुरी आली तरी दोघंही हटायला तयार नव्हते. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी वरच्या बर्थवर जाऊन पडले.

आमच्या लहानपणी ठाण्यात हत्ती यायचा. राममारुती रोडवरून घंटा वाजत आली की आम्ही पोरं गॅलरीत. हत्तीच्या कपाळावर रंगीत खडूची नक्षी, वर माहूत, मागे पोरांची वरात. सोंडेत नाणं ठेवलं की ते वर माहुताच्या हातात जायचं आणि सोंड डोक्यावर टेकायची. आजी आतून गूळपोळी घेऊन यायची. हात जोडून झाले की माहूत हळूच शेपटीचे केस काढून दाखवायचा. त्या केसाची अंगठी घातली की पोरं झोपेत दचकत नाहीत म्हणे. सोनाराकडून तो केस सोन्यात मढवून घेतलेले कितीतरी हात नौपाड्यात होते. हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे आणि त्याच्या केसाचा धंदा बेकायदा आहे, हे त्या वेळी ना सोनाराला माहीत होतं ना आजीला. मे महिन्यात आमच्या चपला डांबराला चिकटायच्या. हत्ती त्याच डांबरावरून अनवाणी चालत यायचा, आणि हे एवढ्या गॅलऱ्यांतून कुणाच्याच लक्षात यायचं नाही.

मग २०१३ साली बिजली कोसळली. तीही चेक नाक्यापलीकडे, मुलुंडला. लग्नं-वरातींत मिरवलेली आणि रस्त्यांवर मागत फिरलेली पन्नाशीपुढची हत्तीण. ती स्वतःच्या पायांवर उभी राहीना, म्हणून क्रेन आणून पट्ट्यांनी उचलून धरायची धडपड कित्येक दिवस चालली होती. ठाण्याहून लोक फळं घेऊन बघायला जात होते. ३० जूनला ती गेली. एवढं मोठं जनावर एकदा आडवं झालं की त्याच्याच वजनाखाली स्नायू आणि फुफ्फुसं दबत जातात, हे मुंबई-ठाण्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिला न्यायला जवळपास हत्तींचा दवाखानाच नव्हता. तसा तो देशात कुठेच नव्हता.

देशातला पहिला दवाखाना २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, तो आम्ही चाललो होतो तिथे. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने २०१० मध्ये मथुरा जिल्ह्यात, आग्रा रस्त्यावरच्या फरहजवळ, चुरमुरा गावाच्या शिवारात हत्तींसाठी केंद्र काढलं होतं. पुढे त्याला लागूनच दवाखाना उभा राहिला. सर्कशीतले, वरातीतले, रस्त्यावर मागणारे, देवळापुढे बांधलेले असे हत्ती तिथे येतात. २०१३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेली लक्ष्मी त्यांच्यातलीच. भाविकांनी दिलेली मिठाई आणि तळलेले पदार्थ खाऊन तिचं वजन इतकं वाढलं होतं की सांधे साथ देईनात. तिथे गेल्यावर तिला आधी पथ्यावर ठेवलं. वडापाव आपल्यालाही बाधतो, पण आपण दिवसाला दीडशे किलो चारा खायला बनलेलो नाही.

धुक्याने गाडीला उशीर झाला, मथुरेत रात्र झाली, हॉटेलाबद्दल न बोललेलंच बरं. सकाळी रिक्षाने निघालो तेव्हा दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. आत शिरल्यावर पहिल्यांदा वास आला, ओल्या चाऱ्याचा आणि लिदीचा. मग धुक्यातून एक भिंत हलली. ती हत्तीण होती. पाठीवर घोंगडं पांघरलेलं, चारही पाय मोकळे. तिथली थंडी हाडात शिरणारी असते, त्यामुळे निवाऱ्यांना ताडपत्रीचे पडदे लावलेले होते. मध्यंतरी गावातल्या बायकांनी हत्तींसाठी विणलेल्या रंगीबेरंगी स्वेटरांचे फोटो जगभर फिरले होते, ते इथलेच. मला ते फोटो तेव्हा जरा नाटकी वाटले होते. त्या सकाळी दोन स्वेटर अंगात घालूनही कुडकुडत होते, तेव्हा मत बदललं.

हत्तीपाशी जाता येत नाही, शिवायचं नाही, केळं हातात देऊन फोटो काढायचा नाही. मैत्रीण हिरमुसली. मला मात्र हे फार आवडलं. जन्मभर माणसांचे हात सोसलेल्या जनावराला म्हातारपणी तरी गर्दीपासून सुटी हवी.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते पायाच्या उपचारापाशी. जाड लोखंडी खांबांचं कुंपण, आत हत्तीण, बाहेर देखभाल करणारा माणूस. त्याच्या हातात काठी, काठीच्या टोकाला गोळा. गोळा दाखवला की हत्तीण आपणहून पुढचा पाय उचलून खांबांमधल्या घडवंचीवर ठेवते. पाय ठेवला की कलिंगडाची फोड. नको असेल तेव्हा ती पाय काढून घेते, तरी तिला कुणी ओरडत नाही. अंकुश कुठेच नाही. हे शिकवायला महिने लागतात, असं तो सांगत होता.

पाय वर आला आणि तळवा दिसला. मी हत्तीचा तळवा पहिल्यांदाच बघत होते. मध्ये खोल भेग, कडेला काळपट खळगा, दोन नखं चिरलेली. आधी कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून तो पाय भिजवला होता. मग कुजलेली कातडी वाकड्या सुरीने थोडी थोडी खरवडली, नखं मोठ्या कानशीने घासली, जखम धुऊन औषध भरलं. एका पायाला बराच वेळ. मग दुसरा पाय. उद्या पुन्हा.

काका कुंपणाला खेटून उभे होते आणि हळू आवाजात आम्हाला समजावत होते. हत्ती खरं तर बोटांच्या टोकांवर चालतो. टाचेखाली चरबीची जाड गादी असते, तीच सगळं वजन पेलते. जंगलात माती, वाळू, चिखल, दगड असं सगळं पायाखाली येतं, रोज मैलोन्मैल चाल होते, त्यामुळे तळवा आपोआप झिजतो आणि नखंही. शहरात डांबर तो नको तितका झिजवतं आणि भाजतं. देवळात किंवा सर्कशीत उलटं. साखळीने बांधून फरशीवर उभं ठेवलं की तळवा झिजतच नाही, वाढतो, चिरतो, आणि स्वतःच्याच मुतात उभं राहून त्या भेगा सडतात. मग सांधे धरतात. माणसाने पाळलेले हत्ती बहुतेक करून पायांमुळेच खचतात.

"गणपतीच्या तर पायाशीच डोकं ठेवतो की आपण," मैत्रीण बऱ्याच वेळाने म्हणाली.

"हो, पण ते मातीचे असतात," माझा नवरा म्हणाला. तो असंच बोलतो.

दवाखान्यात एक्स-रे, लेझर, सोनोग्राफी, उष्णतेवरून सूज दाखवणारा कॅमेरा, आजारी हत्तीला उचलायची क्रेन असं सगळं आहे. यंत्रांपेक्षा मला आवारातले मातीचे ढिगारे लक्षात राहिले. मला वाटलं बांधकामाची माती उरलीय. ते उशीसाठी होते! सांधे गेलेला हत्ती आडवा व्हायला घाबरतो, कारण पुन्हा उठता येईल याची त्याला खात्री नसते. वर्षानुवर्षं तो उभ्यानेच डुलक्या घेतो. उताराचा ढीग असला की त्यावर कलून अर्धवट पहुडता येतं आणि उठताना पायांवर एकदम भार येत नाही. पाण्याचा हौदही त्याचसाठी. पाण्यात वजन हलकं होतं, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना हालचाल करवते.

एक आंधळी म्हातारी होती. ती सोंडेने जमीन चाचपत चालायची आणि दुसरी एक हत्तीण तिच्या पुढे हातभर अंतर ठेवून, मधूनमधून थांबत. त्यांना कुणी जोडी लावून दिलेली नाही, आपली आपणच जमलीय म्हणाले. म्हातारीचा चारा बारीक कापलेला. हत्तीला दाढांचे सहा संच येतात. नवी दाढ मागून पुढे सरकत येते आणि जुनी झिजून तुकड्यातुकड्यांनी पडते. शेवटचा संच चाळिशीच्या आसपास येतो. तो झिजला की पुढे काही नाही. जंगलात अशा वेळी हत्ती उपासमारीने जातो. इथे त्याला मऊ शिजवलेलं, कापलेलं मिळतं. औषधाच्या गोळ्या केळ्यात खुपसून द्यायच्या. हे आमच्या घरात आजोबांनाही करावं लागायचं, फक्त तिथे केळ्याऐवजी मुरांबा असायचा.

मी शेपट्याही बघत होते. दोघी-तिघींच्या शेपटीला गोंडा जवळजवळ नव्हताच. का, ते मी कुणाला विचारलं नाही.

राजूची गोष्ट तिथे अजून सांगतात. काट्यांच्या साखळ्यांत जखडलेला हा हत्ती २०१४ च्या जुलैत सोडवला, तेव्हा तो रडला, अशी बातमी जगभर झाली होती. काकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, हत्तीच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला आपल्यासारखी नळी नसते, ते एरवीही गालावर ओघळतं. "रडला का नाही, देव जाणे. पायातले काटे खरे होते, तेवढं बास नाही का?"

आपल्या देशात माणसांच्या ताब्यातल्या हत्तींची सरकारी गणती अडीच हजारांच्या घरात आहे. इथे सामावतात ते काही डझन. विक्रीला बंदी आहे, पण २०२२ च्या कायदादुरुस्तीने ‘धार्मिक किंवा इतर कोणत्याही कारणासाठी’ हत्ती हलवायला वाट ठेवली आहे, आणि ‘इतर कोणत्याही’ म्हणजे काय याला अंत नाही. मैत्रिणीचं मन अजून नांदणीतच आहे. परतीच्या गाडीत ती एवढंच म्हणाली, की मठातच असं कुंपण, अशी माती आणि असा डॉक्टर आला असता तर? वनतारानेही पुढे नांदणीत केंद्र उभारायची तयारी दाखवली होतीच. मला हा प्रश्न रास्त वाटतो. मात्र ही कामं रोजची आणि कंटाळवाणी असतात. मिरवणुकीला हजार माणसं येतात, तळवे खरवडायला रोज दोन तरी येतील का?

जाणाऱ्यांसाठी थोडं: भेट आधी ठरवूनच जा, ऐनवेळी गेटवर हुज्जत घालू नका. ऑक्टोबर ते मार्च बरा, पण डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं हे धरून चला. आग्र्याजवळ कीठमला याच संस्थेचं अस्वलांचं केंद्र आहे. दरवेशी नाचवायचे ती अस्वलं. वेळ असेल तर तेही बघा. आम्ही त्याऐवजी ताजमहाल केला आणि धुक्यात तो अर्धाच दिसला. पेढे आणले.

आता काकांनी पुढचं ठरवलंय, मेळघाटातलं कोलकास. तिथले वन खात्याचे हत्ती एरवी पर्यटकांना फिरवतात. हिवाळ्यात काही दिवस त्यांना रजा असते आणि जडीबुटींच्या गरम लेपाने त्यांचे पाय शेकतात. त्याला तिकडे चोपिंग म्हणतात. गडचिरोलीतल्या कमलापूरलाही हे होतं. त्या दिवसांत सफारी बंद असते, मग जाऊन करायचं काय, असं नवऱ्याने विचारलं. काका म्हणाले, "सफारी चालू असली का लोक पाठीवर बसतेत. बंद असली म्हणजेच पाय दिसतेत ना, बाप्पा." मैत्रिणीने रजेचा अर्ज टाकलाय. अमरावतीची तिकिटं मी काढणार आहे.