चोरी झाली, पण कोणाच्या हद्दीत?

सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजावर चोर चढले की कोणी "काय गेलं?" असं आधी विचारत नाही. आधी विचारतात, "पोझिशन काय?" पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

तेव्हा मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, सेकंड ऑफिसर होतो, म्हणजे रात्री बारा ते चारचा वॉच माझा. माल भरलेला, जहाज खोल बसलेलं, वेग बेताचा. अशा जहाजावर चढणं सोपं. सामुद्रधुनीच्या अरुंद फिलिप चॅनेलमधून पूर्वेकडे निघालो होतो, तेवढ्यात इंजिन रूममधून फोन. ऑइलर, म्हणजे इंजिनाची देखभाल करणारा खलाशी, देवगडचा. एरवी माझ्याशी हिंदी-इंग्रजी झाडणारा गडी थेट मालवणीवर आला, "साहेब, खाली कोणतरी शिरलेत, हातात सुरे आसत!"

अलार्म दिला, सगळ्यांना आत घेऊन दारं लावली. कॅप्टन वर आले. रेडिओच्या चॅनेल ७३ वर सिंगापूरच्या व्हीटीआयएसला, म्हणजे जहाजांच्या वाहतूक नियंत्रण केंद्राला, कळवलं. पोझिशन, माणसं किती, हत्यारं कुठली, कोणाला लागलंय का, एवढं विचारून त्यांनी लगेच आसपासच्या जहाजांना सावध केलं. तोवर स्पेअर्सची, म्हणजे इंजिनाच्या सुट्या भागांची, पोती घेऊन चोर पसार.

ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम दीड सागरी मैल आहे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांची लेन इंडोनेशियाच्या बेटांना लागून जाते. १९८२च्या समुद्र कायदा कराराप्रमाणे चाचेगिरी हा खुल्या समुद्रातला गुन्हा, तिथे चाच्यांना कुठल्याही देशाचं नौदल पकडू शकतं. किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत तोच प्रकार सशस्त्र दरोडा ठरतो आणि तो त्या त्या देशाचा मामला. २००४ पासून इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर या पट्ट्यात ठरवून गस्त घालतात, पण ज्याने त्याने आपल्याच पाण्यात. पोलिसांची बोट रेषेपाशी थांबते, खबर तेवढी पलीकडे जाते. खबरीच्या देवाणघेवाणीसाठी २००६ पासून 'रीकॅप' करार लागू आहे, त्याचं केंद्र सिंगापूरला. भारत त्यात आहे. इंडोनेशिया आणि मलेशिया, ज्यांचा इथे सर्वांत जास्त संबंध, ते सदस्य नाहीत. तरी खबर त्यांना दिली जाते.

आम्हाला बंकरसाठी, म्हणजे इंधन भरायला, सिंगापूरला थांबायचंच होतं म्हणून बरं. नाहीतर उशीर नको म्हणून तक्रार गिळणारे कॅप्टन मी पाहिलेत. अँकरेजला, म्हणजे नांगर टाकायच्या जागी, पोलीस कोस्ट गार्डची माणसं चढली. आधी कोणी लपलंय का ते तपासलं, मग चढताना अडकवलेल्या लोखंडी आकड्याने मागच्या रेलिंगवर पडलेल्या ओरखड्यांचे फोटो, मग जबाब. दुभाषा मीच. सुरा केवढा होता विचारल्यावर ऑइलरने बोटांपासून कोपरापर्यंत हात दाखवला. अधिकाऱ्याने खिशातून टेप काढून तो हात मोजला आणि सेंटिमीटर लिहून घेतले! व्हीडीआरचं, म्हणजे जहाजाच्या 'ब्लॅक बॉक्स'चं, रेकॉर्डिंग मी आधीच सेव्ह केलं होतं. ते बटण वेळेत दाबलं नाही तर जुनं पुसलं जातं, नव्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं.

चोर दुसऱ्या देशात, मग हा कागदांचा उद्योग कशाला, असं ऑइलरला वाटत होतं. मला तसं वाटत नाही. कागद आणि कायदा दोन्ही पक्के नसले तर चाचे हाती लागूनही खटला फसतो. १९९९मध्ये इंडोनेशियातून निघालेलं 'अलोंड्रा रेनबो' हे जहाज चाच्यांनी पळवलं, नाव बदललं, आणि आपल्या नौदल-तटरक्षक दलाने ते अरबी समुद्रात पकडलं. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३मध्ये शिक्षा दिली, २००५मध्ये उच्च न्यायालयातून सगळे सुटले. तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा वेगळा कायदाच नव्हता. तो आला २०२२चा. मार्च २०२४मध्ये 'रुएन' या पळवलेल्या जहाजावरचे ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांकडे दिले ते त्याच कायद्याखाली.

आमचे चोर सापडल्याचं काही कळलं नाही. रीकॅपच्या अहवालात आमची एक ओळ आली: सुरे, स्पेअर्स, कोणी जखमी नाही. कॅप्टननी पुढच्या बंदरात सी प्रोटेस्ट, म्हणजे घटनेचं अधिकृत निवेदन, नोंदवला. गेलेल्या मालाची किंमत विम्याच्या डिडक्टिबलपेक्षा, म्हणजे कंपनीने स्वतः सोसायच्या रकमेपेक्षा, कमी भरली, त्यामुळे कंपनीने क्लेम केलाच नाही. नवे इंजेक्टर चीनमध्ये आले, आणि चीफ इंजिनिअरनी स्टोअरला दोन कुलपं घातली.