लाव्हा पातळ असतो ना, मग ज्वालामुखीत भूकंप कशाचे?

भूगोल शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच, वर्गात पोरं विचारतात आणि लग्नाच्या पंगतीत मोठी माणसंही. तुम्ही विचारलंत म्हणून आज निवांत लिहितो.

लाव्हा म्हणजे पातळ असं आपल्याला वाटतं कारण आपला तसाच होता. धुळ्याहून लळिंगच्या डोंगराकडे बघा, आडवे थर दिसतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पातळ बेसाल्ट लांबवर पसरत गेला आणि थरावर थर बसले, आपली काळी माती त्याच खडकाची. पण ज्या लाव्ह्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, जास्त असते तो इतका घट्ट असतो की लांब वाहतच नाही, तोंडाशीच ढीग होतो, त्याला लाव्हा घुमट म्हणतात.

अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीवर २००४ ते २००८ असा घुमट वाढला. तिथे वर येत होता तो जवळजवळ थिजलेला खडकच, खालून मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, ढकलतोय आणि वर बूच दिवसाला काही मीटर सरकतंय. दादर ज्वारीने भरलेली पत्र्याची कोठी फरशीवरून ढकलून बघा, सरळ सरकत नाही, अडते, जोर साठतो, मग खर्रकन हलते, पुन्हा अडते, आणि तुमचा जोर एकसारखा असला तर ते धक्केही एकसारख्या अंतराने बसतात. सेंट हेलेन्सचंही तसंच, अर्ध्या मिनिटाने, कधी काही मिनिटांनी एक बारीक भूकंप, तोही मागच्यासारखाच, जमिनीखाली एक किलोमीटरच्याही आत, महिनोन्‌महिने. शास्त्रज्ञ त्याला ढोलाचे ठोकेच म्हणायला लागले. काहींचं म्हणणं की भेगांत कोंडलेल्या वाफेमुळे हे धक्के बसतात, पण वर आलेल्या खडकाच्या अंगावर घासल्याचे ओरखडे आणि दळलेल्या दगडाची भुकटी होती, त्यामुळे मला तरी घर्षणाचंच पटतं.

आणि नाही, लळिंगखाली असलं काही चालू नाही. १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप जुन्या भेगा सरकून झाला, त्यात मॅग्माचा संबंध नव्हता.

मला यातलं कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट बेटाचं सगळ्यात जास्त लागतं. १९९७ मध्ये तिथल्या सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखीवर दर काही तासांनी डोंगर किंचित फुगायचा, छोट्या भूकंपांची झुंबड उडायची, मग दाब सुटला की डोंगर बसायचा आणि भूकंप थांबायचे, यंत्रांवर हे सगळं दिसत होतं. २५ जूनला अशीच झुंबड झाली आणि दुपारी घुमट कोसळला, तापलेली राख नि दगड दऱ्यांतून खाली आले, १९ माणसं गेली. तो भाग बंद केलेला होता, तरी त्यातले काही जण तिथे शेतावर गेले होते. पीक उभं होतं ना त्यांचं.