माऊसची नोंदवही: शाडूचा साचा, ओली हवा आणि नवे स्विच

मंडळी, पावसाळा लागला की माझ्या हाताला माऊसचा कोणता आकार बसतो ते शोधायचं काम हाती घेईन असं मागच्या नोंदीत म्हटलं होतं. घेतलं. बरंचसं मार्गी लागलंय, थोडं अजून अडलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझं माऊसवरचं काम दोन प्रकारचं आहे. संध्याकाळी फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरं काढतो, म्हणजे वक्ररेषेचा एकेक बिंदू नेमक्या जागी बसवायचा. रात्री थोडा वेळ नेमबाजीचा गेम. पहिल्यात हात हळू आणि बारीक चालतो, दुसऱ्यात झटक्याने. दोन्हींना एकच माऊस पुरावा हा माझा हट्ट आहे. आणि जो हाताला आरामशीर नाही तो अचूक असूच शकत नाही, या मतावर मी आता ठाम आहे. पकड आवळावी लागली की बोटं थरथरतात, आणि सेन्सर जितका चांगला तितकी ती थरथर स्क्रीनवर जशीच्या तशी उतरते.

म्हणून सेन्सरबद्दल फार लिहीत नाही. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि चेंडूवाल्या माऊसचे दिवस भरत आले. तत्त्व आजही तेच: एलईडीचा उजेड पॅडवर पडतो, पोटातला चिमुकला कॅमेरा सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि लागोपाठच्या फोटोंतल्या फरकावरून माऊस किती सरकला ते ठरवतो. पिक्सआर्टचा ३३६० हा सेन्सर आता जुना म्हणायचा, तरी तो सेकंदाला २५० इंच, म्हणजे सहा मीटरच्या वर वेग सांभाळतो. माझा हात तिथवर पोचत नाही. डब्यावरचा २६,००० डीपीआयचा आकडा तर अचूकतेचा नाहीच. एक इंच सरकल्यावर माऊस किती पावलं मोजतो, एवढंच तो सांगतो.

ती पावलं खरी किती, हे मात्र प्रत्येकाने एकदा मोजून बघावं. पॅडवर स्टीलची पट्टी चिकटवायची, माऊसची कड तिला टेकवून बरोबर १० सेंटिमीटर सरकवायचा आणि माऊसटेस्टर या पावलं मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आडवी बेरीज बघायची. ८०० डीपीआयला ती ३,१५० च्या आसपास यायला हवी. माझ्याकडच्या एका माऊसची ३,२७० यायची, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ८३०. चार टक्के जास्त. हा बिघाड नव्हे, पण एका माऊसवरून दुसऱ्यावर गेल्यावर ‘हात चुकतोय’ असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. दुसरं कारण सेन्सरची जागा. तो पोटात पुढे असेल तर मनगट तेवढंच वळवूनही पॉइंटर जास्त धावतो, मागे असेल तर कमी. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरची धाव बदलणारी सोय) बंद आणि वेगाची पट्टी अकरापैकी सहाव्या खुणेवर, हे तर आपल्या मंडळींना तोंडपाठ आहेच.

डीपीआय किती ठेवायचा हे माझ्या बाबतीत टेबल ठरवतं. माहीमच्या आमच्या खोलीत टेबल भिंत आणि कपाट यांच्यामध्ये बसवलेलं आहे, आणि कीबोर्ड ठेवल्यावर माऊसला वीतभर जागा उरते. १९२० पिक्सेलची स्क्रीन आडवी ओलांडायला ८०० ला सहा सेंटिमीटर लागतात, १२०० ला चार, १६०० ला तीन. मोठ्या पॅडवर ४०० ने खेळणाऱ्यांचे सल्ले मुंबईच्या घरात जसेच्या तसे घेता येत नाहीत. मी १२०० वर स्थिरावलोय. हात पॅडबाहेर जात नाही आणि बिंदूवर थांबतानाही घसरत नाही.

आता मुख्य काम, शाडूचा साचा.

जूनमध्ये गणपतीच्या कारखान्यांत शाडूचं काम जोरात असतं. आमच्या गल्लीतल्या मूर्तिकारांकडून मळलेला गोळा मागून आणला, मोठ्या बटाट्याएवढा. तो माऊसच्या उंचीचा बसका केला, वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लास्टिक ताणलं आणि पॅडवर ठेवला. रोजच्यासारखा खुर्चीत बसलो, कोपर टेबलावर, आणि हात सैल सोडून त्यावर ठेवला. दाबायचं अजिबात नाही, हाताचं वजनच पुरतं. मग माऊस उचलताना अंगठा आणि अनामिका जशी आत येते तशी हलकेच आत घेतली. हात काढल्यावर उरलेल्या आकाराला व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) लावला. शाडू वाळताना आकसतो आणि तडकतो, त्यामुळे मापं ओला असतानाच घ्यावी लागतात.

असे साचे दोन केले. एक अक्षरं काढताना असतो तसा, तळवा पूर्ण टेकलेला; दुसरा गेमच्या पकडीचा, बोटं आकड्यासारखी वाकलेली. मला वाटलं होतं दोन वेगळेच माऊस हाती येतील. उंचवट्याची जागा खरोखर बदलली: पहिल्यात तो मधोमध, दुसऱ्यात मागे मनगटाकडे. उंचीतही फरक पडला. पण अंगठा आणि अनामिका यांच्यामधली रुंदी दोन्हींत ५८ मिलिमीटरच्या आगेमागेच राहिली. म्हणजे एकाच माऊसने दोन्ही कामं करायची असतील तर माझ्यासाठी पहिला आकडा रुंदीचा. आजवर मी लांबी बघून निवडायचो, बहुतेक जण तसंच करतात. आणखी एक गोष्ट साच्यात स्वच्छ दिसली: उजवी बाजू वर रुंद आणि तळाशी आत गेलेली. तशी बाजू असली की बोट खालून धरतं आणि माऊस उचलायला जोर लागत नाही.

माझा हात मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १८.४ सेंटिमीटर. तुलनेला तीन आकार घेतले. रेझरचा डेथॲडर व्ही२ १२७ मिलिमीटर लांब आणि ४२.७ उंच, तळवा टेकवला की हात सुखावतो, बोटं वाकवली की मागचा भाग तळव्याला ढकलत राहतो. त्यांचाच वायपर मिनी, ६१ ग्रॅमचा, पकडीला ५३.५ रुंद. गेममध्ये अगदी चपळ, पण तासभर अक्षरं काढली की अनामिका आखडते. साच्यापेक्षा साडेचार मिलिमीटर अरुंद, हे आता कळतंय. लॉजिटेकचा जी३०४ ११६.६ लांब, ६२.१५ रुंद, ३८.२ उंच. त्यातले ६२ सगळ्यात रुंद जागेचे; कंबरेपाशी तो आत येतो. दोन्ही साच्यांच्या सगळ्यात जवळ हाच.

त्याची अडचण वजनाची. डबल ए सेल धरून ९९ ग्रॅम, आणि तो सेल बसतो मागच्या अर्ध्या भागात, म्हणून उचलल्यावर शेपटी खाली जाते. साध्या अल्कलाइन सेलचंच वजन २३ ग्रॅम. मी ट्रिपल ए सेल अडॅप्टरमध्ये घालून वापरतोय. आठेक ग्रॅम कमी झाले. लिथियमचा डबल ए साधारण १५ ग्रॅमचा असतो, त्यानेही तेवढाच फरक पडतो, पण तो महाग. ट्रिपल ए लवकर उतरतो, एवढं सोसायचं.

आकार ठरवताना आणखी एक चाचणी कामी आली, ती सविस्तर देतो. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला नियम आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे: लक्ष्य गाठायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतो. म्हणजे ४०० पिक्सेलवरचा ४ पिक्सेलचा ठिपका आणि ८०० पिक्सेलवरचा ८ पिक्सेलचा ठिपका, नियमाप्रमाणे दोन्ही सारखेच अवघड. मी स्क्रीनवर अशा ठिपक्यांच्या दोन पाट्या करून ठेवल्यात. एखाद्या माऊसवर लांबचे मोठे ठिपके जड गेले तर मी वजन आणि घर्षण तपासतो. जवळचे बारीक ठिपके चुकले तर पकड. वायपर मिनीवर लांबचे ठिपके पटापट लागायचे, बारीक निसटायचे. जी३०४ वर सेल बदलण्याआधी नेमकं उलटं होतं. आता दोन्ही पाट्या जवळजवळ सारख्या जातात.

पण पाऊस सुरू झाला आणि लांबच्या ठिपक्यांचा वेग पुन्हा पडला. माऊस तोच, हात तोच. कारण पॅड. कापडी पॅड हवेतला ओलावा धरतं, आणि जुलैत इथली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर रेंगाळत असते. त्यात हाताचा घाम. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पॅडला चिकटतो आणि हात सरकण्याऐवजी ओढला जातो. पॅड कोमट पाण्यात साबणाने धुऊन पंख्याखाली सपाट वाळवलं, फरक पडला, पण दोन दिवसच. टिकाऊ उपाय दोन सापडले. एक म्हणजे हाताला पातळ स्लीव्ह, सायकलवाले घालतात तशी. दुसरा, पावसाळ्यापुरतं कडक प्लास्टिकचं पॅड. त्यावर आवाज होतो आणि थांबायला बोटांना जरा जास्त लक्ष द्यावं लागतं, पण सकाळी आणि रात्री एकसारखं चालतं, आणि मला तेच हवंय. माऊसच्या तळाचे जुने स्केट, म्हणजे सरकायच्या गुळगुळीत चकत्या, काढून नवे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) लावलेत. जुने काढताना हेअर ड्रायरने गोंद गरम केला की सुटे निघतात.

बाजूंना ग्रिप टेप विकत घेण्याऐवजी धोबी तलावच्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून बॅडमिंटनची ओव्हरग्रिप आणली. कागदाचा नमुना कापून त्याबरहुकूम दोन तुकडे केले आणि पातळ दुहेरी टेपने बसवले. घाम शोषते, आणि काळी पडली की बदलायला स्वस्त. दोन्ही बाजूंना मिळून रुंदी एक मिलिमीटरच्या वर वाढते, ती हिशेबात धरा.

आता बटणांखालचे स्विच. हे जी३०४ चं नाही, दुसऱ्या एका जुन्या वायरवाल्या माऊसचं काम आहे. एकदा दाबलं की दोनदा उमटायचं. आत तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पत्ती उडी मारून संपर्काला लागते. त्या संपर्कावर ऑक्साइडचा थर चढला की जोडणी क्षणभर तुटते आणि माऊसला ती दुसरी क्लिक वाटते. माऊसमधला प्रवाह इतका बारीक असतो की तो थर जाळून साफ होत नाही. लॅमिंग्टन रोडला सुटे भाग विकणाऱ्या काकांना माऊस दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, “राहतोस कुठे?” माहीम म्हटल्यावर म्हणाले, “मग सोन्याच्या संपर्काचा घे बाळा. खाऱ्या हवेत साधा टिकत नाही.” ओमरॉनचा डी२एफ-०१एफ त्याच जातीचा, बारीक प्रवाहासाठीच केलेला. १२.८ मिलिमीटर लांबीची ती काळी डबी, खाली तीन पाय. जुना काढताना आधी पायांवर ताजं सोल्डर आणि फ्लक्स द्यायचं, मग पंपाने ओढायचं; सुक्या जुन्या सोल्डरवर पंप मारत बसलं की बोर्डाचा तांब्याचा पत्रा उचलला जातो. डावी-उजवी दोन्ही बटणं झालीत. क्लिक हलकी, टोकदार, आणि दुहेरी एकही नाही.

ताईसाठी माऊस शोधत होतो तेही सांगतो. ती दिवसभर टॅलीत, तिला नेमबाजी नको, मनगट सरळ हवं. लॉजिटेक लिफ्टमध्ये हात ५७ अंशांत उभा राहतो. तिच्या छोट्या हाताला तो लगेच बसला, पण बारीक चौकटी पकडायला आठवडाभर वेळ लागला. खुर्चीही उंच केली, कारण कोपर टेबलाच्या खाली राहत होतं. त्याचा उपयोग माऊसइतकाच झाला असं ती म्हणते. कुणाला मुंग्या येत असतील किंवा दुखणं थांबत नसेल तर माऊस बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

अडलंय ते वायरवाल्याच्या चाकाचं. खाली फिरवताना मधेच एक पाऊल वर जातं, म्हणजे चाकाचं फिरणं मोजणारा भाग, एन्कोडर, गेलाय. टीटीसी कंपनीचा सोनेरी घ्यायचाय, पण एन्कोडर वेगवेगळ्या उंचीचे येतात आणि माझ्या व्हर्नियरचा दांडा बोर्डाच्या त्या कोपऱ्यात शिरत नाही. बोर्ड पूर्ण मोकळा करून बोर्डापासून षटकोनी भोकाच्या मध्यापर्यंत मोजेन, पुढच्या नोंदीत आकडा देतो. तोवर तुमच्यापैकी कुणी पावसाळ्यात काचेचे स्केट कडक पॅडवर वापरले असतील तर पॅड किती दिवसांत घासलं ते कळवा. पुढची खरेदी त्यावर ठरेल.