बारीक माणसाचं फॅटी लिव्हर आणि आपलं हलकं खाणं

सोनोग्राफी केलेली असते मुतखडा आहे का बघायला आणि रिपोर्टात खाली एक ओळ येते, ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलीये, पहिली पायरी. आजकाल ही ओळ इतक्या जणांच्या रिपोर्टात असते की कुणी मनावर घेतच नाही, डॉक्टरही गर्दीत असतात, "तेलकट कमी करा, चालायला जा" म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. मला यावर लिहायचंच होतं कारण आमच्या वहिनीला ग्रेड टू निघालं, आणि वहिनी कशी तर एकदम बारीक, साताऱ्याला शाळेत शिक्षिका, दारू तर सोडाच पण कोल्ड्रिंकसुद्धा घेत नाही, नॉनव्हेजही नाही. लिव्हर म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिली दारूच येते, त्यामुळे तिला आजारापेक्षा नातेवाइकांच्या प्रश्नांचाच त्रास जास्त झाला. "अगं पण मी असं खाते तरी काय?" हे ती इतक्यांदा म्हणाली की शेवटी आम्ही दोघींनी बसून तिचं रोजचं खाणं कागदावर लिहून काढलं.

सकाळी उठल्यावर दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवून चार-पाच मारी बिस्किटं, नऊच्या आत पोहे नाहीतर उपमा, शाळेत मधल्या सुट्टीत परत चहा, डब्यात पोळी आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवर-बटाट्याची भाजी, घरी आल्यावर चहा आणि खारी किंवा चुरमुऱ्याचा चिवडा, कुणी आलं-गेलं की अजून एक अर्धा कप, रात्री "आता जड नको" म्हणून नुसता वरणभात, तोही साडेनऊला. सोमवारी आणि चतुर्थीला उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड फोडी. यात एकही पदार्थ असा नाही ज्याला आपण वाईट म्हणू, उलट आपल्याकडे यालाच हलकं खाणं म्हणतात, आजारी माणसालाही हेच देतात. पण नीट बघितलं तर दिवसभर नुसता स्टार्च आणि साखर, डाळ फक्त वरणात आणि तेही पातळ, उसळ कधीतरी, कच्चं काहीच नाही. नुसत्या चहाचाच हिशोब करा, चमचाभर साखर म्हणजे ४-५ ग्रॅम, चार कपांत ३२ ते ४० ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या खाली असेल तर उत्तम. बिस्किटातली तर अजून मोजलीच नाही.

बहुतेकांना वाटतं की लिव्हरवरची चरबी म्हणजे खाल्लेलं तेल तिथे जाऊन बसलं. तसं नाहीये. जेवणातल्या तेलातुपातून थेट येणारा वाटा त्यातला सगळ्यात लहान असतो, मोठा वाटा अंगावरच्या, विशेषतः पोटावरच्या चरबीतून रक्तावाटे येतो, आणि बराचसा भाग लिव्हर स्वतः साखरेपासून तयार करतं, पोहे-भातातल्या स्टार्चचीही पचल्यावर साखरच होते. लिव्हरमध्ये साखर साठवायची जागा साधारण १०० ग्रॅमची, ती भरली की जास्तीची साखर चरबीच्या रूपात जायला लागते, आणि साध्या साखरेतला जो फ्रुक्टोज असतो तो तर मुख्यतः लिव्हरलाच निस्तरावा लागतो. म्हणून तळण बंद करूनही कित्येकांचा रिपोर्ट तसाच राहतो, कारण चहा-बिस्किट-पोहे-भात तसंच चालू असतं.

आणि बारीक माणसाचं काय? तर आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं यावर फार मोठं काम आहे. २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो आला होता, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बरोब्बर २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघं सारखेच! आपल्या लोकांत हातपाय काटकुळे आणि चरबी आत पोटात, हे फार दिसतं, त्यामुळे "मी बारीक आहे, मला काय होतंय" हा विचारच आपल्या उपयोगाचा नाही, टेप घेऊन कंबर मोजा, बाईची ८० सेंटीमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या वर असेल तर लक्ष द्या. वहिनीची ८६ निघाली.

मग काय बदललं तर पदार्थ फार नाहीच बदलले, प्रमाण बदललं. आपलं ताट वाढायची जी जुनी पद्धत आहे ना, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी, ती फारच शहाणी आहे, फक्त डावी बाजू आता चमचाभर उरलीये आणि मधला भात डोंगराएवढा झालाय. वहिनीने कोशिंबीर वाटीभर केली, काकडी, गाजर, मुळा, कोबी जे असेल ते. डब्यात बटाट्याच्या जागी मटकी, मूग, चवळीची उसळ, नाहीतर मेथी, शेपू, अंबाडी डाळ घालून. पोळ्या तीनच्या दोन. रात्री वरण घट्ट आणि भात मूठभर, आणि जेवण आठच्या आत. पोहे चालू आहेत पण निम्मे पोहे आणि निम्मे मोड आलेले मूग आणि मटार, एरवी मुगाची धिरडी किंवा थालीपीठ-दही. तुम्ही अंडी, मासे खात असाल तर अजूनच सोपं, बांगड्याचं कालवण आणि एक भाकरी याच्यासारखं जेवण नाही, बांगडा तळू नका एवढंच. ज्वारी चांगलीच आहे पण "ज्वारी आहे ना" म्हणून चार भाकऱ्या खाल्ल्या तर काही उपयोग नाही. साखर आधी एक चमचा आणि मग अर्धा, बिस्किट घरात आणणंच बंद, ज्यूसच्या जागी आख्खा पेरू. तेलाबद्दल एवढंच की चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी रोजचे चाळीस मिली होतात, ते जास्तच आहे.

उपवास सोडायला ती तयार नव्हती आणि मला वाटतं सोडायची गरजही नाही, तिची श्रद्धा आहे. साबुदाणा मात्र जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे, शंभर ग्रॅममध्ये ८५ च्या वर. आता ती राजगिऱ्याचं एक थालीपीठ, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दही, भरपूर ताक असं करते आणि तिला दुपारी शाळेत झोपही येत नाही म्हणाली.

दाण्यांवरून आठवलं, काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाकाच, "भाजल्यावर काय होतंय" असं म्हणू नका, त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पूर्ण जात नाही आणि ते थेट लिव्हरवर घाव घालतं. १९७४ ला राजस्थान-गुजरातच्या सीमेलगतच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन लिव्हर निकामी होऊन शंभरावर माणसं गेली.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते काढ्यांबद्दल. वहिनीचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर गेल्यावर दोन दिवसांत लिव्हर डिटॉक्सचे इतके मेसेज आले, गुळवेलीचा रस, कोरफडीचा रस, कुठली तरी पावडर, रिकाम्या पोटी हळदीच्या गोळ्या. लिव्हर साफ करायला बाहेरून काही घालावं लागत नाही, शरीरातलं साफसफाईचं काम तेच करतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती, आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण ज्याचं लिव्हर आधीच सुजलेलं आहे त्याने अशी रिस्क का घ्यायची? भाजीतली हळद खुशाल खा, गोळ्यांच्या रूपातली नको. बिनसाखरेची कॉफी मात्र लिव्हरला मानवते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आवडत असेल तर दोन-तीन कप चालतील. आणि दारू, फॅटी लिव्हर असेल तर थोडीसुद्धा नको, "वीकेंडला एखादा पेग" हे पण नको.

वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरवलं की चरबीबरोबर लिव्हरची सूजही कमी होते, म्हणजे ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो, हळूहळू. बारीक माणसाला ३ ते ५ टक्क्यांनीही फरक पडतो. उपाशी राहून झटपट वजन पाडू नका, त्याने लिव्हर अजून बिघडू शकतं. वहिनी रोज संध्याकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला जाते, चढ चढून, आणि तिचं एसजीपीटी (रक्ततपासणीतला आकडा, लिव्हरला इजा झाली की वाढतो) उतरलंय, सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे.

अजून एक, एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे लिव्हर ठणठणीत असं धरून चालू नका, फॅटी लिव्हर असलेल्या कित्येकांचं ते नॉर्मलच येतं. ग्रेडपेक्षा महत्त्वाचं हे की लिव्हर कडक व्हायला लागलंय का. त्यासाठी फिब-फोर नावाचा स्कोअर असतो, वय, एसजीपीटी, त्याच्यासारखाच रक्तातला दुसरा आकडा एसजीओटी आणि प्लेटलेट्स एवढ्यावरून निघतो, १.३ च्या खाली असेल तर सहसा काळजी नाही, वर असेल तर डॉक्टर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी, सांगतात. हे आकडे बहुतेकांच्या फाइलमध्ये आधीच पडून असतात, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा जुने रिपोर्ट घेऊन जा आणि हा स्कोअर काढून द्यायला सांगा.